बीए? आणि सोबत काय?

लग्नाच्या पंगतीत किंवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये एखादा मुलगा सापडला की आपल्याकडचे काका लोक विचारतात, "काय रे, काय करतोस सध्या?" मुलगा म्हणाला, "बीएस्सी. फिजिक्स," की काकांची मान डोलते. "बाप रे! मग दम निघत असेल." मुलगा म्हणाला, "बीए. इतिहास," की मान मध्येच अडकते. काका पुढच्या वाक्याची वाट बघतात. ते येत नाही असं दिसलं की स्वतःच मदतीला धावतात, "बरं, बरं. आणि सोबत काय?"

नुसता भात कुणी खातं का? वरण कुठंय?

मुलांनी हे केव्हाच ओळखलंय. त्यामुळे नुसतं बीए हल्ली कुणी करतच नाही. बीए आणि एमपीएससी, बीए आणि जर्मन, बीए आणि टॅली, बीए आणि वडिलांचं दुकान. मुलगी असेल तर बीए आणि 'स्थळं बघतोय'. बीएस्सीला असलं काही लागत नाही. तो मुलगा सकाळी ॲप्रन कोंबलेली सॅक पाठीला लावून जातो आणि संध्याकाळी चेहरा पाडून परततो. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. एवढा पुरावा पुरतो. मुलाला काय आलं हे आपल्याकडे कुणी तपासत नाही. मुलगा दमला की नाही हे मात्र आई दारातच तपासते.

तर हे दमणं एकदा सरकारी मापाने मोजू. माप आहे. क्रेडिट म्हणतात त्याला.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीला 132 क्रेडिट ठरली. सत्राला 22. बीएला 22 आणि बीएस्सीलाही 22. सरकारच्या लेखी इतिहास आणि फिजिक्स यांच्या वजनात गुंजेचाही फरक नाही. 2023च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे 30 तास धरले आहेत. क्रेडिट व्याख्यानाचं असेल तर त्यातले 15 तास वर्गात, उरलेले 15 त्याने आपले आपण काढायचे. प्रॅक्टिकलचं असेल तर तीसच्या तीस तास प्रयोगशाळेत.

मांडा हिशेब. सत्राचे आठवडे 15. बीएच्या मुलाची सगळी क्रेडिट व्याख्यानांची धरली तर आठवड्याला 22 तास वर्गात, आणि 22 तास घरी, ग्रंथालयात, वडाखाली, कुठेही, पण पुस्तक उघडून. बीएस्सीच्या मुलाची 8 क्रेडिट प्रॅक्टिकलची धरली तर त्याचे 30 तास कॉलेजात आणि 14 घरी. बेरीज दोघांचीही 44. कायद्याने कारखान्यातल्या कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आहे. म्हणजे बीए इतिहासचा विद्यार्थी कागदोपत्री कामगारापेक्षा अवघे चार तास कमी राबतो. हे वाक्य कुठल्याही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. चहा सांडेल.

काकांना दिसतात ते कॉलेजातले तास, 30 आणि 22. घरचे 14 आणि 22 त्यांना दिसत नाहीत. सरकारी कागदाप्रमाणे आर्ट्सच्या मुलाने सायन्सच्या मुलापेक्षा दर आठवड्याला आठ तास जास्त वाचायचं आहे. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या सरांनाही कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. महाराष्ट्रात दर आठवड्याला एकेका मुलाचे 22 तास असे बेपत्ता होतात आणि कुठल्याही चौकीत तक्रार नाही.

पण आधी सायन्सच्या 30 तासांकडे बघू, कारण रुबाब त्यांचा मोठा.

प्रॅक्टिकल म्हणजे निसर्गाला प्रश्न विचारणं, असं पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. निसर्गाचं उत्तर मात्र सीनिअरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. लंबक झुलवून गुरुत्वत्वरण काढायचं असतं. ते 980च्या आसपास यावं ही अपेक्षा. लंबकाने 920 दाखवलं तर चूक लंबकाची. मुलगा शांतपणे उत्तरापासून मागे मागे जात रीडिंग तयार करतो. या कामाला गणित चांगलं लागतं, हे मान्य केलंच पाहिजे. टायट्रेशनमध्ये ब्युरेटची तीन रीडिंग जुळायला हवीत. म्हणून पहिलं घेतात आणि उरलेली दोन लिहितात. एका स्पेक्ट्रोमीटरभोवती पाच जण उभे. एकाचा डोळा दुर्बिणीला, दुसरा आकडे टिपतो, तिसरा त्याच्या खांद्यावरून ते उतरवतो, आणि उरलेले दोघं कुठल्या क्लासची फी किती यावर बोलतात. पाचही जणांची दोन तासांची हजेरी लागते.

मग जर्नल. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, उजवीकडे शाईने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर निष्कर्ष आधी लिहून होतो आणि उद्देश पहाटे चारला. सकाळी सरांची सही, 'सर्टिफाईड'चा शिक्का. त्या शिक्क्याने एवढंच प्रमाणित होतं की मुलाला लिहिता येतं. हे काम खरं तर आर्ट्सचं.

तरी आमचं एक मत सायन्सच्या पेटीत. ज्याने एकदा तरी एकट्याने ब्युरेटखाली उभं राहून शेवटच्या थेंबाला रंग पालटताना पाहिलाय, त्याला 'साधारण' आणि 'नेमकं' यांच्यात किती अंतर असतं ते कळतं. ते भाषण देऊन शिकवता येत नाही. शिवाय मुलगा काही न शिकता बाहेर पडला तरी तो तिथे होता, याची मस्टरवर नोंद आहे.

आर्ट्सकडे तेवढीही नोंद नाही. कारण वाचणारा मुलगा आणि छताकडे बघत पडलेला मुलगा लांबून सारखेच दिसतात.

1862 साली मुंबई विद्यापीठातून बीए झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांनी त्या काळात वाचून वाचून डोळे बिघडवून घेतले. बीएच्या मुलांचे डोळे आजही बिघडतात. मात्र त्याला पुस्तक जबाबदार नाही.

आजचं वाचन कसं चालतं? नेमलेली कादंबरी तीनशे पानांची. तिचं गाईड साठ पानांचं. त्या गाईडातले अपेक्षित प्रश्न बारा पानांचे. त्या बारा पानांचे व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो चार, त्यातला एक धूसर. परीक्षेला प्रश्न येतो, 'नायिकेच्या मनातील द्वंद्व सविस्तर स्पष्ट करा.' मुलगी नायिकेला कधी भेटलेलीच नसते. तरी ती स्पष्ट करते. दोन पुरवण्या घेते. लेखकाची भाषा ओघवती असते, व्यक्तिरेखा जिवंत असतात, समाजाचं दाहक चित्रण झालेलं असतं. हे तिन्ही गुण कुठल्याही पुस्तकाला चालतात, हे गाईड लिहिणाऱ्याला ठाऊक, मुलीला ठाऊक आणि पेपर तपासणाऱ्यालाही ठाऊक. तिघांचं एकमत झाल्यावर कादंबरी वाचायची कुणी? सायन्समध्ये रीडिंग बनवतात, आर्ट्समध्ये मतं.

आर्ट्स सोपं आहे म्हणून असं होतं, असा काकांचा समज आहे. उलट आहे. आर्ट्सचं काम खरोखर करायला घेतलं तर त्याला 'झालं' असं कधी म्हणता येत नाही. टायट्रेशन संपतं, कारण रंग पालटतो. '1818 साली पेशवाई का बुडाली?' या प्रश्नाचा रंग पालटत नाही. पाच पुस्तकं वाचली की पाच कारणं सापडतात. सहावं वाचलं की त्यातल्या दोन कारणांचा संशय येऊ लागतो. इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेलं वेगळं, बखरकाराने लिहिलेलं वेगळं, आणि दोघांचाही काही ना काही स्वार्थ. यातून स्वतःचं मत काढून चार पानं लिहायची, आणि 'असं कशावरून?' म्हणून कुणी उभं केलं तर ते मत टिकवून दाखवायचं. ऑक्सफर्डला इतिहासाच्या मुलाला व्याख्यानं फार नसतात. पण जवळजवळ दर आठवड्याला पुस्तकांची यादी हातात पडते, निबंध लिहावा लागतो आणि तो घेऊन प्राध्यापकासमोर बसावं लागतं. काकांच्या हिशेबाने तो मुलगा तिथेही उनाडच.

आपल्याकडे अशी चार पानं तीन वर्षांत एकदाही न लिहिता इतिहासाचा पदवीधर होता येतं. प्रथम वर्गातसुद्धा.

शाखेशाखेमधली भिंत किती जाड आहे ते बघायचं तर भूगोलाला विचारा. आपल्याकडे भूगोल बीएलाही आहे आणि बीएस्सीलाही. बीएचा भूगोलवाला भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पसरून समोच्च रेषा मोजतो, प्लेन टेबल खांद्यावर मारून मैदानात जातो, प्रिझमॅटिक कंपासने कोन घेतो, जर्नल लिहितो, सर्टिफाय करून आणतो. घाम तोच, शिक्का तोच. तरी लग्नाच्या पंगतीत तो बीएच. अर्थशास्त्राची तर आणखी मजा. पुण्यात गोखले संस्थेत अर्थशास्त्र शिकलात तर बीएस्सी, आणि तिथून हाकेच्या अंतरावर फर्ग्युसनमध्ये शिकलात तर बीए. मागणीची रेषा दोन्हीकडे डावीकडून उजवीकडे उतरतीच असते. स्थळांची मागणी बदलत असेल तर आम्हाला माहीत नाही.

आणि जुनी माणसं तर फारच घोळ घालून गेली आहेत.

बाळ गंगाधर टिळक 1877 साली डेक्कन कॉलेजातून बीए झाले. विषय गणित. कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी तब्येत कमावण्यात घालवलं. व्यायाम, पोहणं आणि भरपूर खाणं. आजच्या 75 टक्के हजेरीच्या नियमाने त्यांचं नाव नोटीस बोर्डावर डिफॉल्टरांच्या यादीत झळकलं असतं आणि पालकांना बोलावणं गेलं असतं. पुढे याच गणितवाल्या बीएने नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ काढायला घेतला आणि 1893 साली त्यावर 'ओरायन' लिहिलं. त्याला कुठल्या शाखेचं क्रेडिट द्यायचं, हे विद्वत परिषदेने ठरवावं. समिती नेमावी लागेल.

चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले. केंब्रिजला विज्ञान शिकलेल्यालाही बीएच म्हणतात, त्यामुळे इतकी झाडं-दगड अभ्यासून ते झाले बीए. मग 1918 साली आयसीएसची परीक्षा दिली आणि पहिले आले. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. 'मेघदूता'चा मराठी अनुवादही केला. असा माणूस आपल्या काकांना लिफ्टमध्ये भेटला असता तर संवाद कसा झाला असता? "काय केलंत?" "बीए." "बरं, आणि सोबत काय?" "सोबत रिझर्व्ह बँक."

जयंत नारळीकर बनारसहून बीएस्सी होऊन केंब्रिजला गेले आणि तिथे गणितात बीए झाले. आधी बीएस्सी, मग बीए! आज एखाद्या घरात मुलाने असा उलटा प्रवास केला तर समुपदेशकाला बोलावतील.

पण आमचे लाडके दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्याचा, 1929ची हार्वर्डची बीए, आणि फर्ग्युसनमध्ये शिकवायचे गणित. या गणिताच्या मास्तराने प्राचीन आहत नाणी तराजूवर तोलायला घेतली. एकेक करून, हजारोंनी. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून वजन घटतं; त्या घटीचं संख्याशास्त्र मांडलं की नाणं किती काळ बाजारात फिरलं याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून इतिहास बोलता येतो. तराजूपुढे बसून वजनं टिपायचं हे काम, हाताने, न कंटाळता. रीडिंग न बनवता. त्या तासांना थिअरी म्हणणार की प्रॅक्टिकल? त्यांना जर्नल सर्टिफाय करून आणा असं सांगायची हिंमत कुणाची होती?

असो. मोठ्या माणसांना सोडून जरा सदाशिव पेठेत येऊ.

इथल्या स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा. प्लायवूडच्या खोक्यात इंजिनिअर झालेला मुलगा बसलाय. चार वर्षं सबमिशनं, ड्रॉइंगच्या शिटा, वर्कशॉपमध्ये घासलेला लोखंडाचा तुकडा, असं सगळं करून आलेला. पुढ्यात काय? राज्य मंडळाचं सहावीचं इतिहासाचं पुस्तक, आणि शेजारी लक्ष्मीकांतांचं राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक. वैकल्पिक विषय समाजशास्त्र, नाहीतर मराठी साहित्य. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी गुण 1750. त्यात निबंधाला 250, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरांना 1000 आणि वैकल्पिक विषयाला 500. अर्थव्यवस्था, विज्ञान-तंत्रज्ञान वगैरे बाजूला काढलं तरी इतिहास, भूगोल, राज्यघटना, समाज, नीतिशास्त्र असा पसारा उरतो, आणि तो सगळा आर्ट्स साइडचा. दहावीनंतर ज्या विषयांना 'त्यात काय, वाचलं की येतं' म्हणून नाक मुरडलं, ते आता दिवसाचे बारा तास वाचूनही येत नाहीत. निबंध तर त्याने नववीतच ऑप्शनला टाकला होता.

अशा वेळी या परीक्षेला 'देशातली सगळ्यात अवघड परीक्षा' म्हणतात ते हेच काका. तोच इतिहास बीएला असला की हलका, मुख्य परीक्षेला आला की जड. पुस्तक तेच असतं, पानंही तेवढीच.

एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं, 2023 पासून. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी आयोगाने नवी पद्धत 2025 वर ढकलली. मुलांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. वर्षानुवर्षं चार गोळ्यांतली एक काळी करायची सवय लावलेली, तयारीला वेळ हवा होता. पण कशाच्या तयारीला? परिच्छेद लिहायच्या. आणि मागत कोण होतं? पदवीधर. सायन्सचे, आर्ट्सचे, कॉमर्सचे, इंजिनिअरिंगचे. इथे मात्र शाखाभेद पार मिटला होता.

मुलांकडून हे वाचन-लेखन कुणी करून का घेत नाही, त्यामागची खरी गोम आता. कॉलेजात 'वर्कलोड'ची चिंता वर्षभर चालू असते, पण ती मुलाच्या ओझ्याची नसते. ती प्राध्यापकाच्या तासांची असते. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवणं हवं, असा यूजीसीचा नियम. एफ.वाय.ला पुरेशी मुलं आली नाहीत की तुकडी जाते, तुकडी गेली की तास जातात, तास गेले की पद जातं. सायन्सला हा धोका जरा कमी, कारण प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडता येतात. साठ मुलांच्या तीन बॅचेस केल्या की तेच दोन तास सहा होतात. सायन्सचं ओझं टिकलं यात न्यूटनइतकाच या बॅचेसचा हात आहे. आर्ट्सवाल्यांकडे बॅच नाही. मग मे-जूनमध्ये इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, मराठीचे सर गावोगाव हिंडतात. घरोघरी जाऊन सांगतात, आमच्याकडे नाव घाला, बाकी बघून घेऊ. ज्या मुलाच्या जिवावर आपलं पद उभं आहे, त्याला 'बाबा रे, आठवड्याला 22 तास वाचायचं आहे' असं कोण सांगेल? हजेरीसुद्धा मागायची सोय नाही.

जे तासिका तत्त्वावर आहेत त्यांची तर गोष्टच नको. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. ऐंशी मुलांकडून निबंध लिहून घेतले आणि लाल शाईने तपासले, तर त्या रात्रीचे मिळत नाहीत. निबंध न लिहून घेणं हा मग आळस राहत नाही, साधा व्यवहार होतो. गाईडचा धंदा गाईडवाल्यांनी वाढवला असं आपण म्हणतो. त्यांना मोकळी जागा मिळाली, त्यांनी टपरी टाकली.

आणि मोकळ्या वेळेचं म्हणाल, तर आर्ट्सचं कॉलेज दुपारी सुटतं म्हणून तर कित्येक मुलं तिथे येतात. पहाटे डेअरीला दूध घालून येणारा, संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहणारा, रात्री लोकांच्या घरी पार्सलं पोचवणारा. दुपारची एसटी चुकली तर शिक्षणच थांबेल अशी मुलगी. तिला केमिस्ट्री आवडत नाही का, असं कुणी विचारून बघितलंय? केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि गावाची शेवटची गाडी पाचची असते, म्हणून ती मराठी साहित्याची विद्यार्थिनी झाली. या मुलांचा आठवडा 44 तासांचा नसतो, त्याहून बराच मोठा असतो. वाचन सोडून सगळं त्यात असतं. त्यांना 'आर्ट्स म्हणजे आराम' म्हणणाऱ्याने एक दिवस पहाटे साडेचारला कॅन उचलून बघावा.

शाखेशाखेमधल्या भिंतीवर धोरणवाल्यांनी औषध काढलंय. प्रत्येकाने दुसऱ्या शाखेतला एखादा विषय घ्यायचा. त्याला ओई म्हणतात. सोबतीला व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. वेळापत्रक वाचताना एखाद्या रुग्णालयाचे रिपोर्ट वाचल्यासारखं होतं. पण हेतू चांगला. सायन्सच्या मुलाने थोडं साहित्य वाचावं, आर्ट्सच्या मुलीने थोडं विज्ञान करून बघावं. होतं काय? फिजिक्सवाला विचारतो, "आर्ट्सचा कुठला ओई स्कोअरिंग आहे?" मराठीवाली विचारते, "सायन्सचा कुठला ओई गणिताशिवाय आहे?" दोघंही परस्परांच्या अंगणात जाऊन सगळ्यात हलकी वस्तू उचलून आणतात, आणि दोघांनाही ए-प्लस मिळते.

निकाल द्यायचाच तर आमचा असा. कॉलेजात वेळ जास्त जातो सायन्सला, यात वाद नाही. काम जास्त आहे आर्ट्सला, पण ते कुणी करून घेत नाही. आणि दोन्हीकडे सगळ्यात जास्त मेहनत घेतली जाते ती काम झाल्यासारखं दाखवायला. त्या बाबतीत आपली विद्यापीठं शंभर टक्के आंतरविद्याशाखीय आहेत.

विद्यापीठांना एवढंच सुचवणं. ते बेपत्ता 22 तास वेळापत्रकात छापा. सोमवार, दुपारी तीन ते सहा, ग्रंथालय, अमुक पुस्तक, प्रकरण दोन आणि तीन. शुक्रवारी दोन पानं हाताने लिहून आणणे. ती पानं तपासायचे तास शिक्षकाच्या 16 तासांत धरा आणि तासिकावाल्याला त्याचे पैसे द्या. सायन्सच्या जर्नलमध्ये 'रीडिंग चुकलं, का चुकलं असावं' यासाठी एक पान ठेवा, आणि त्या पानाला मार्क ठेवा. यातल्या कशालाही नवं धोरण लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा प्रवेश आहे, त्यांनी फी, होस्टेल, कॅन्टीन विचारून झालं की विभागप्रमुखांना आणखी एक विचारावं. "गेल्या सत्रात एस.वाय.च्या एका मुलाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं किंवा स्वतःच्या हाताने मोजलेलं काहीतरी दाखवता का? आणि ते कुणी तपासलं तेही." जे कपाट उघडून फाईल काढतील, त्यांच्याकडे नाव घाला. मग ती आर्ट्स असो की सायन्स.